गुडघा बदलल्यावर पाय आखडलाय, पाच आठवडे झाले. कुणाला अनुभव आहे का?

सांजवात | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

आईचा (वय ६६) उजवा गुडघा १२ जानेवारीला बदलला. काल पाच आठवडे पूर्ण झाले. ऑपरेशन चांगलं झालं, जखम कोरडी आहे, एक्स-रे बघून सर्जनही समाधानी आहेत. पण गुडघा आखडलाय. काल मोजला तर ७२ अंश वाकला (पाय सरळ म्हणजे शून्य). सरळ करायला गेलं की १२ अंश कमीच राहतो, म्हणजे पलंगावर पाय लांब करून बसली तर गुडघ्याखालून माझी मूठ आरपार जाते.

आई वाईला राहते, मी पुण्यात. शुक्रवारी रात्री जाते, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येते. मधले दिवस मावशी असते. आईने ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, कष्टाला मागे हटणारी बाई नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण गेले पंधरा दिवस घरी बघायला येणारा प्रत्येक जण तिला ‘तुम्ही मनावर घेत नाही’ असंच ऐकवून जातो. कुणाच्या तरी चुलत सासूबाई दीड महिन्यात जिना उतरायला लागल्या, कुणी तीन आठवड्यांत बाजारात गेलं. आई ऐकून घेते आणि रात्री भिंतीकडे तोंड करून रडते.

कुठे चुकलं ते माझ्या परीने सांगते. घरी आल्यावर पहिले दहा-बारा दिवस तिला गुडघ्याखाली उशी घेऊन बरं वाटायचं, म्हणून आम्ही ती ठेवली. रात्रभर ठेवली. डिस्चार्जच्या कागदावर ‘गुडघ्याखाली उशी नको’ असं छापलेलं होतं, इंग्रजीत, तिसऱ्या पानावर. मी ते चौथ्या आठवड्यात वाचलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग घरी येऊन व्यायाम घेणारे एक जण लावले. रोज अकरा वाजता यायचे, चाळीस मिनिटं. आईला पलंगाच्या कडेला बसवून नडगीवर स्वतःचं वजन टाकून पाय मागे रेटायचे. आई तोंडात नॅपकिन धरायची. ते गेले की गुडघा गरम आणि टम्म. मग दिवसभर ती पाय हलवायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी कालच्यापेक्षा कमीच वाकायचा. गेल्या गुरुवारपासून मी त्यांना थांबवलंय.

सर्जन म्हणाले, अजून तीन आठवडे बघू, नाहीतर भूल देऊन वाकवू. आई त्या वाक्यापासून घाबरलीय.

घरी काय आणि किती वेळा करावं? गुडघा आपोआप हलवणारं ते मशीन भाड्याने आणावं का? आणि अजून वेळ गेलेली नाही ना?

---

पिंपळपान | १७ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

वेळ नक्की गेलेली नाही. यांची वाटी फुटली होती (तार घालून बांधली). सहा आठवडे पाय सरळ पट्ट्यात होता, पट्टा काढला तेव्हा गुडघा जेमतेम ३० अंश वाकत होता. १२० व्हायला पाच महिने लागले. आईला सांगा, आठवड्याला दोन-चार अंश ही चांगली चाल आहे. आणि बघायला येणाऱ्यांना आठवडाभर दारातूनच चहा पाजून परत पाठवा. मी तसं केलं होतं.

---

हिरवीवाट | १७ फेब्रुवारी, दुपारी २:३०

सांजवात, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं गुडघेच बघतेय. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं त्यांच्या सर्जनच्या कानावर घालूनच करा.

आधी आखडतो का ते सांगते, कारण ते कळलं की आईंच्या मनावरचं ओझं निम्मं उतरेल. आपल्याकडे ‘वाटी बदलली’ म्हणतात, पण बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं. त्यांवर धातूचं आवरण आणि मध्ये प्लास्टिक. वाटी पुष्कळदा स्वतःचीच असते. हे करायला सांधा उघडावा लागतो, आणि शरीर तो भरून काढताना नवे तंतू विणतं. वाटीच्या वर, मांडीच्या स्नायूखाली एक पोकळ कप्पा असतो. गुडघा वाकताना तो उलगडतो. सूज फार दिवस राहिली आणि हालचाल कमी झाली तर त्या कप्प्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. काही जणांचं शरीर हे तंतू जरा जास्तच विणतं. तो आळस नव्हे.

दुसरं, सांध्यात पाणी साठलं की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला काम करू देत नाही. बाई मनापासून जोर लावते आणि स्नायू जागचा हलत नाही. पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त घटते. बघणाऱ्याला वाटतं, मनावर घेत नाहीत.

म्हणून रेटून वाकवणं उलटं पडतं. रेटा, मग सूज, मग स्नायू बंद, मग हालचाल बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेटा. तुम्ही थांबवलंत ते योग्यच केलंत.

आता करायचं काय. आधी सरळ, मग वाकणं. घरातले सगळे वाकण्याच्या आकड्यामागे लागतात, पण चालणं बिघडतं ते पाय सरळ न झाल्याने. गुडघा १० अंश वाकलेला राहिला तर उभं राहतानाही मांडीचा स्नायू सतत राबतो, पाय आखूड पडल्यासारखा होतो, लचकत चालावं लागतं, मग कंबर धरते.

सरळ करण्यासाठी: टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली (गुडघ्याखाली नाही), गुडघा अधांतरी. पाच मिनिटांपासून सुरू करून दहा-पंधरा मिनिटांपर्यंत न्यायचं, दिवसातून चार-पाच वेळा. मावशी शेजारी बसून भाजी निवडत असतील तेवढा वेळ. पहिल्या दोन मिनिटांत गुडघ्यामागे ओढ बसते, ती चालेल. त्यातच दर मिनिटाला गुडघा खाली दाबायचा, मांडी कडक करायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. मांडी कडक होतेय का ते आईंनी स्वतःच्या हाताने चाचपून बघावं, स्नायू लवकर जागा होतो.

वाकण्यासाठी: पायात मोजा, पलंगावर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी, त्यावरून टाच हळूहळू स्वतःकडे सरकवायची. शेवटी थांबेल तिथे चादरीचा पट्टा पावलाला अडकवून हातांनी थोडंसं, बोटभर, पुढे. दहा आकडे थांबायचं. दहा वेळा. नंतर खुर्चीत बसून चांगला पाय दुखऱ्या पायाच्या पुढून घालून त्यानेच तो मागे ढकलायचा. दाब आपल्याच पायाचा, म्हणून भीती नसते, आणि भीती नसली की स्नायू अंग चोरत नाही. हे मी शंभरदा पाहिलंय.

एका वेळी दहा मिनिटं, जागेपणी दर दोन तासांनी. चाळीस मिनिटांच्या एका झटापटीपेक्षा हे कितीतरी जास्त देतं.

जखम पूर्ण भरली असेल तर वाटी दोन बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलकेच सरकवायची, पाय सैल सोडून. जाम बसलेल्या जड दारासारखी जाणवेल. रोज दोनदा. ती सरकायला लागली की वाकणंही वाढतं.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर सकाळच्या मोठ्या व्यायामाच्या पाऊण तास आधी. व्यायामानंतर पाय छातीच्या वर, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं.

किती दुखलं म्हणजे जास्त झालं? व्यायामानंतरची ठणक तासाभरात उतरली तर ठीक. दुसऱ्या सकाळी गुडघा कालच्यापेक्षा सुजलेला असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला. त्या दिवशी निम्मा करायचा, बंद नाही करायचा.

आणि हे घरच्या सगळ्यांनी लक्षात ठेवा: ताप, जखमेतून पाणी, वाढत जाणारी लाली, पोटरी दुखून सुजणं, दम लागणं किंवा छातीत दुखणं यातलं काहीही दिसलं तर व्यायाम सोडून तडक डॉक्टर.

एक विचारते. ऑपरेशनच्या आधी आईंचा गुडघा किती वाकत होता?

---

माळरान | १७ फेब्रुवारी, सायंकाळी ६:१५

मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या वडिलांचा गुडघा सोलापुरात बदलला. त्यांचे फिजिओ कडक होते, रोज ओरडा व्हायचा, पण तीन आठवड्यांत ११० झाला. सोसल्याशिवाय गुडघा सुटत नाही. मायेपोटी सैल सोडलं तर पाय कायमचा आखडेल, ही भीती मला तुमच्या आईंबद्दल वाटते म्हणून लिहितोय.

---

हिरवीवाट | १७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

माळरान, तुमची काळजी खरी आहे. सैल सोडा असं मी म्हटलेलं नाही, दर दोन तासांनी व्यायाम हा सैल कार्यक्रम नाही. दुखतंच, ओढ बसतेच. फरक एवढाच की शेवटचा दाब पेशंटच्या हातात हवा आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढायला नको. तुमच्या वडिलांचा गुडघा ऑपरेशनआधी किती वाकायचा? जमिनीवर बसून जेवत होते का?

---

माळरान | १७ फेब्रुवारी, रात्री १०:२०

हो, ऑपरेशनपर्यंत मांडी घालून बसत. दुखायचा खूप, पण वाकायचा पूर्ण.

---

हिरवीवाट | १७ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मग उत्तर त्यातच आहे. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज आधी किती वाकत होता यावरून येतो. वर्षानुवर्षं न वाकलेल्या गुडघ्याचे स्नायू आणि सांध्याभोवतीची पिशवी आतून आखूड झालेली असते. हाडं नवी बसवली तरी ती कातडी-स्नायू जुनीच. दोन माणसांची तुलना करताना हा भाग कुणीच धरत नाही.

---

सांजवात | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

हे वाचून मी रात्रीच ऑपरेशनआधीची फाईल काढली. त्यात लिहिलंय: वाकणं ९५, सरळ व्हायला ८ अंश कमी. आई सहा वर्षं खाली बसलेली नाही. देवपूजासुद्धा स्टुलावर बसून करायची. म्हणजे ती ७२ वर आहे ते ९५ वरून, पूर्ण वाकणाऱ्या गुडघ्याच्या १४० वरून नाही. हे आम्हाला आजवर कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं.

आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी अगदीच नापास नाही.”

टाचेखाली गुंडाळी आजपासून सुरू. मावशीने शाळेच्या वेळापत्रकासारखा कागद करून फ्रिजवर लावलाय.

---

लीड्सकर | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

मशीनबद्दल लिहितो. माझा डावा गुडघा इथे इंग्लंडमध्ये बदलला. ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी वॉकर धरून उभं केलं आणि तिसऱ्या दिवशी घरी. मशीन दिलंच नाही. मी विचारलं तेव्हा फिजिओने नीट समजावलं: आपोआप सांधा हलवणाऱ्या या यंत्राची कल्पना टोरंटोचे सर्जन रॉबर्ट साल्टर यांनी १९७०च्या दशकात मांडली, आणि बराच काळ सगळीकडे ते वापरलं गेलं. पण गुडघा बदललेल्या लोकांवरचे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की वाकण्यात सरासरी फरक दोन अंशांच्या आसपासच पडतो. शिवाय यंत्र पाय हलवतं तेव्हा स्नायू झोपलेलाच राहतो. भाड्याचे पैसे वाचवून चांगला फिजिओ आठवड्यातून दोनदा बोलवा असं मी म्हणेन.

मला सगळ्यात उपयोग स्थिर सायकलचा झाला. आधी सीट उंच ठेवून पूर्ण फेरी न मारता नुसतं पुढे-मागे झुलायचं. एक दिवस पॅडल उलट्या दिशेने पूर्ण फिरलं. तो सातवा आठवडा होता, मी एकटाच होतो घरात आणि मोठ्याने ओरडलो.

---

सह्याद्रीवेडा | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३०

माझी केस वेगळी आहे (वय २७, खेळताना लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारा पट्टा, तुटलं, ते नवं बसवलं), पण एक गोष्ट इथे असावी म्हणून लिहितो. माझा गुडघा वाकायचा मस्त, पण शेवटचे सात अंश सरळ होईना. तीन महिने टाचेखाली गुंडाळी, पालथं झोपून पाय पलंगाबाहेर लोंबता ठेवणं, सगळं केलं. ओढ बसण्याऐवजी पुढे काहीतरी टक्कन अडायचं, दाराखाली खडा अडकतो तसं. एमआरआयमध्ये नव्या लिगामेंटच्या पुढे तंतूंची गाठ निघाली. त्याला सायक्लॉप्स म्हणतात. दुर्बिणीतून काढली आणि पाय सरळ झाला. तेव्हा ओढ बसत असेल तर व्यायाम करत राहा, टक्कन अडत असेल तर दाखवा.

---

हिरवीवाट | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:००

अगदी महत्त्वाचं लिहिलंत. गुडघा बदललेल्यांमध्ये ती गाठ सहसा नसते, पण ओढ आणि अडणं यातला फरक सगळ्यांनाच लागू आहे. आईंना विचारा, शेवटी रबर ताणल्यासारखं वाटतं की भिंत लागल्यासारखं.

---

सांजवात | १९ फेब्रुवारी, रात्री ८:१५

विचारलं. “ओलं धोतर पिळताना शेवटी ताण येतो तसं,” म्हणाली. म्हणजे ओढच.

---

जुनी_पायरी | २० फेब्रुवारी, सकाळी १०:००

मी ७४ वर्षांचा, दादरला राहतो. माझे दोन्ही गुडघे बदललेले. आमच्या पिढीत या ऑपरेशनची मोठी धास्ती होती. वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली आणि २००१ साली त्यांचे दोन्ही गुडघे ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, रोज पेपरात बातमी यायची, तेव्हा कुठे लोक हे ऑपरेशन आपल्यासाठीही असतं असं बोलायला लागले. मी तरीही पुढची अठरा वर्षं टाळलं.

भूल देऊन वाकवण्याबद्दल लिहितो, कारण आपल्या मातोश्री घाबरल्या आहेत. माझा पहिला गुडघा आठ आठवड्यांनी ६५ वरच अडून होता. सर्जननी दिवसभरासाठी दाखल करून घेतलं, भूल दिली, आणि हळूहळू वाकवला. चिकटलेलं सुटल्याचा आवाज त्यांना आला म्हणे, मला काहीच कळलं नाही. टेबलावर ११० पर्यंत गेला होता. जाग आली तेव्हा दुखत होतं, पण पहिल्या ऑपरेशनच्या पावपटही नाही. खरं काम त्याच संध्याकाळी सुरू झालं. फिजिओने दोन तासांत व्यायाम सुरू केला, पुढचे दोन आठवडे रोज. त्यात ढिलाई झाली तर पुन्हा चिकटतं असं त्यांनी बजावलं होतं. शेवटी ९८ वर स्थिरावला. मी जिना उतरतो, लोकलने जातो.

सर्जननी मला धोकेही सांगितले होते: क्वचित हाड मोडू शकतं, स्नायू फाटू शकतो. आणि हे लवकर, साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर जास्त उपयोगी, नंतर तंतू पक्के होतात. म्हणून मातोश्रींना सांगा, ते काही अपयशाचं प्रमाणपत्र नाही. लागलं तर करून घ्यावं, आणि भीतीपोटी सहा महिने पुढे ढकलू नये.

---

कोलवाळची | २२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एक सावधगिरीचं. आमच्याकडे सासूबाईंना मालीश करायला एक बाई यायची, तिने तेल लावून गुडघा ‘मोकळा’ करायचा म्हणून झटका दिला. आठ दिवस पाय उचलता आला नाही. नशिबाने आत काही तुटलं नव्हतं. जखम भरल्यावर व्रणावर बोटाने खोबरेल तेल गोल-गोल चोळायला फिजिओने सांगितलं होतं, ते मात्र फार उपयोगी पडलं, कातडी सुटी झाली. बाकी गुडघ्याला कुणाचा हात लावू देऊ नका.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं का आईंना? सासूबाई त्याने घाबरल्या होत्या. कापताना तिथली कातडीची बारीक नस जाते, बहुतेकांना होतं ते.

---

सांजवात | २२ फेब्रुवारी, रात्री ९:००

हो! बधिर आहे, आणि तिने ते मला सांगितलंच नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, मला वाटलं पाय वाळतोय.

तिच्या मनात अजून काय काय आहे कोण जाणे. आज तासभर नुसतं विचारत बसले.

---

सांजवात | १० मार्च, सकाळी ७:००

आठ आठवडे काल झाले. सर्जनकडे जाऊन आलो. वाकणं ८८. सरळ व्हायला ६ अंश कमी. गोनिओमीटर (कोन मोजायची पट्टी) लावून त्यांनी दोनदा मोजलं.

मधल्या तीन आठवड्यांचं खरं खरं लिहिते, कारण असे धागे वाचताना मला नेहमी वाटायचं की लोक फक्त चांगले दिवस लिहितात. पहिले पाच दिवस काहीच हललं नाही. सहाव्या दिवशी ७५. मग आईला सर्दी-ताप (साधाच, दाखवून आलो), दोन दिवस व्यायाम नाही, पुन्हा ७२. त्या रात्री ती म्हणाली, मला आता काही नको, आहे तशी राहू दे. मी काही समजावलं नाही. सकाळी उठून बघते तर टाचेखाली गुंडाळी घेऊन बसली होती, हातात जपमाळ. तेव्हापासून तिचा हिशोब मिनिटांचा नाही, एक माळ म्हणजे एक बैठक.

लीड्सकर, तुमच्या सांगण्याप्रमाणे साताऱ्याच्या एका फिजिओताई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी पहिल्या दिवशी गुडघ्याला हातच लावला नाही, आधी आईला चालवून बघितलं. चालताना ती टाच टेकवतच नव्हती, पूर्ण पाऊल एकदम ठेवायची, गुडघा तसाच वाकलेला. ‘टाच, पाऊल, बोटं’ असं म्हणत ओसरीवर वीस फेऱ्या. मला वाटतं सरळ होण्यातले निम्मे अंश त्या फेऱ्यांनीच दिले.

त्यांनी पाटावर चढ-उतारही सुरू केलाय. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चार बोटं उंचीचा पाट, भिंतीला हात.

भूल देऊन वाकवायचं का, हे सर्जन अजून दोन आठवड्यांनी ठरवणार. तोवर वाढत असेल तर गरज नाही म्हणाले.

---

हिरवीवाट | १० मार्च, दुपारी १:४५

तीन आठवड्यांत १६ अंश वाकणं आणि ६ अंश सरळ. हे फार चांगलं आहे, आईंना माझ्यातर्फे सांगा. सपाट चालताना गुडघा साधारण ६०-६५ अंश वाकतो, जिना चढायला ८०-८५, उतरायला ९०-१००, आणि हात न टेकता खुर्चीतून उठायला ९०च्या पुढे. म्हणजे त्या आता जिना चढण्याच्या टप्प्यावर आहेत, उतरण्याच्या उंबरठ्यावर. रात्री गुडघा धगधगतो का? धग काही महिने राहते, त्याने व्यायाम थांबवू नका.

---

माळरान | १० मार्च, रात्री ९:३०

सांजवात, मनापासून आनंद झाला. माझं पहिलं मत मी बदललंय, हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. वडिलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की त्या ओरडण्याच्या दिवसांत त्यांनी दोनदा फिजिओ यायच्या आधी देवळात जाऊन बसायचा प्रयत्न केला होता. आम्हाला ठाऊक नव्हतं.

---

सांजवात | १४ एप्रिल, सकाळी ८:२०

काल तेरा आठवडे झाले. भूल द्यावी लागली नाही. वाकणं १०४, म्हणजे ऑपरेशनआधीपेक्षा नऊ जास्त. सरळ व्हायला अजून ३ अंश कमी, गुंडाळी चालूच आहे.

कालच ती घाटापर्यंत गेली, ढोल्या गणपतीपर्यंत. खाली नदीकडे उतरली नाही, पायऱ्या उंच आणि ओल्या आहेत, मीच नको म्हटलं. वरच्या कट्ट्यावर बसली, आणि उठताना हात टेकला नाही. हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

खाली मांडी घालणं आणि भारतीय पद्धतीचा संडास यांचा विचार सोडा असं सर्जननी स्पष्ट सांगितलंय. तिला त्याचं थोडं वाईट वाटलं. पूजा स्टुलावरच चालू राहणार.

---

नवी_पालवी | २० एप्रिल, सायंकाळी ५:००

पूर्ण धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझ्या बाबांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ६ तारखेला आहे. आधीपासून काही तयारी करता येईल का?

---

सांजवात | २० एप्रिल, रात्री ९:४०

नक्की करता येईल. आमच्याकडून राहिलं ते सांगते.

आजच बाबांचा गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो ते फिजिओकडून मोजून घ्या आणि फाईलमध्ये लिहून ठेवा. पुढे कुणी काहीही म्हणालं तरी तो आकडा तुमच्याकडे असेल. टाचेखाली गुंडाळी, मांडी कडक करणं, टाच सरकवणं हे तीनही आत्तापासून रोज करवा. ऑपरेशननंतर गुंगीत आणि वेदनेत नवं शिकणं फार अवघड जातं, आधी हाताखालून गेलेलं असलं की पाय ते ओळखतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून घ्या, सर्जन सांगतीलच.

घरात: हात असलेली, उंच बैठकीची खुर्ची. कमोडवर उंची वाढवणारी सीट. वाटेतली पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा. बर्फासाठी फ्रीजरमध्ये जागा. रात्री सोबत कोण झोपणार ते आधीच ठरवा.

डिस्चार्जचा कागद हातात पडला की तिथेच बसून पूर्ण वाचा, आणि जे इंग्रजीत असेल ते मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या पलंगासमोर लावा. सगळ्यात वर ‘उशी गुडघ्याखाली नाही’.

बाबा ऑपरेशनआधी खाली बसत होते का?

---

नवी_पालवी | २० एप्रिल, रात्री १०:०५

नाही, चार वर्षं झाली. उद्याच मोजून घेते.